माळावरील दगडाची खाण : काठ, पायऱ्या व कामाचा क्रम

खडकाळ माळ पिकास निरुपयोगी म्हणून तो खडीच्या मक्तेदारास देण्याचा प्रघात रस्त्यांचीं व इमारतींचीं कामें वाढल्यापासून पुष्कळच रूढ झाला आहे. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु करार करतांना जमीनमालक बहुधा ब्रासचा दर व मुदत एवढेंच पाहतो. खाण शेवटीं कोणत्या आकाराची राहणार, हें तो मक्तेदाराच्या मर्जीवर सोडतो. मक्तेदार दगड घेऊन निघून जातो. मालकास मात्र त्याच कांठावर नांदावयाचें असतें. उभा कडा एकदां बांधास भिडला कीं मागाहून त्यास उतार देण्यास जागाच उरत नाहीं. द्यावयाचाच तर शेजाऱ्याचें रान कापावें लागेल. म्हणून शेवटचा कांठ कोठें यावा, हें पहिला सुरुंग उडण्यापूर्वीं कागदावर आणि जमिनीवर खुंट्या ठोकून आंखलें पाहिजे.

आपला दख्खनचा काळा दगड एकजिनसी नव्हे. लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून तो बनला आहे. ज्यांनीं विहीर खणली आहे त्यांस हें सांगावयास नको : वर माती, मग मुरूम, खालीं कातळ, पुन्हा सच्छिद्र मांजऱ्या, आणि मध्येंच एखादा विटकरी रंगाचा गेरूचा पट्टा. कातळ टणक खरा, पण उभ्या भेगांनीं त्याचे खांब पडलेले असतात. भेगेंत पावसाचें पाणी सांचून मागून रेटा बसला कीं खांबच्या खांब पुढें कलतो. गेरूचा पट्टा त्याहून फसवा. उघडा पडल्यावर तो पाण्यानें मऊ होऊन झिजतो, आणि वरचा दगड सज्जासारखा अधांतरीं राहतो. असा पट्टा लागला तर वरची पायरी त्याच्या माथ्याशींच संपवावी, तेथें सपाटी नेहमींपेक्षां रुंद सोडावी, आणि पट्टा स्वतः मुरुमाप्रमाणें उतरता छाटावा.

कोळसा व तेल यांखेरीज इतर खाणींसाठीं भारत सरकारनें १९६१ सालीं जी नियमावली केली, तिच्यांत मापें घालून दिलीं. माती, मुरूम अशा मऊ थरास खास परवानगीवांचून ४५ अंशांहून अधिक चढ नसावा, किंवा दीड मीटरपर्यंत उंचीच्या व तितक्याच रुंदीच्या पायऱ्या असाव्यात. टणक खडकांत पायरीची उंची ६ मीटर, म्हणजे सुमारें २० फूट, यांहून अधिक नसावी. कडा पोटांत पोखरूं नये. कांठापासून ३ मीटरांच्या आंत झाड, सुटा दगड वा राडारोडा ठेवूं नये.

आतां हिशेब करून पाहूं. एक एकराचा चौरस तुकडा घेतला तर बाजू सुमारें २०९ फूट. चोहोंकडून बांधालगत २५ फूट पट्टी राखली, उरले १५९. मुरूम १० फूट खोल असून त्यास ४५ अंशांचा उतार दिला, व त्याखालीं १० फूट सपाटी सोडली, तर कातळाचा चौरस ११९ फुटांचा, म्हणजे १३ गुंठे, हातीं लागतो. पहिल्या २० फुटी पायरींत घट्ट मापानें २,८३२ ब्रास दगड निघेल. आंत २० फूट सपाटी सोडून दुसऱ्या पायरीचा चौरस ७९ फुटांचा. दगड १,२४८ ब्रास. तिसरी पायरी अवघी ३९ फुटांची, दीड गुंठ्याहूनही लहान, आणि दगड ३०४ ब्रास. पहिलीच्या नवव्या हिश्श्याइतकासुद्धां तिसरीचा दगड नाहीं. पाणी उपसण्याचा खर्च व धोका मात्र तेथेंच सर्वांत अधिक. एका एकरांत ७० फुटांची खाण मागणारा मक्तेदार, बोलो वा न बोलो, पायऱ्या खाऊनच ती पुरी करणार, हें ओळखावें. खोल खाण हवी असेल तर शेजारच्या गटांतील माळकऱ्यांनीं एकत्र येऊन एकच आंखणी करावी.

सलग तीन-चार एकर माळ असल्यास तो एकदम उघडूं नये. पट्टे पाडून सखल बाजूच्या पट्ट्यापासून आरंभ करावा, म्हणजे वरच्या पट्ट्यांचें पाणी पुरा झालेल्या भागांत उतरतें. वरची काळी माती प्रथम खरवडून निराळी ठेवावी. मुरुमांत मिसळली कीं ती गेलीच. दुसरा पट्टा उघडतांना निघालेला मुरूम व माती सरळ पहिल्या पट्ट्याच्या सपाट्यांवर पसरतां येते, आणि माती वर्षानुवर्षे ढिगांत कुजत नाहीं. पट्ट्याच्या आंत मात्र काम नेहमीं वरून खालीं चालावें. वरची पायरी सपाटीच्या रुंदीइतकी मागें सरल्यावांचून खालच्या पायरीस हात लावूं देऊं नये. यंत्र तळाशीं उभें करून पायथा ओरबाडणें सर्वांत सोपें असतें, आणि माणसें गाडलीं जातात तीं अशाच ठिकाणीं.

कांठाच्या वरच्या अंगास चर खणून माळावरचें पाणी बाजूस काढावें. पावसाळ्यांत व उघडीप पडल्यावर कांठ फिरून पाहावा. कांठास समांतर नवी चीर, तिरपी झालेली बाभूळ, कड्यांतून गढूळ पाण्याचा पाझर किंवा उगाच गळणारे बारीक दगड दिसले तर खालचें काम तत्काळ थांबवावें व जाणत्या माणसाकडून कडा तपासून घ्यावा. सुटे दगड वरूनच पहारीनें पाडावे, खालून नव्हे. आणि सपाटींची रुंदी, पट्ट्यांचा क्रम व बांधालगतची राखीव पट्टी, हीं तिन्ही ब्रासच्या दराच्याच कागदावर लिहून घ्यावीं. शेवटचा हप्ता प्रत्यक्ष मोजणी होईपर्यंत राखून ठेवण्याची अट त्यांतच घालावी.