बुसल्फान : गोळी थांबवण्याची वेळ

केमोथेरपी म्हटले की शिरेतून ठिबकणारी बाटली आपल्या डोळ्यांसमोर येते. बुसल्फान ही मात्र दोन मिलिग्रॅमची साधी गोळी, रुग्णाने घरी बसून घ्यायची. तिची खरी जोखीम ती बंद केव्हा करायची, यात होती.

दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियात अस्थिमज्जा पांढऱ्या पेशी बेसुमार तयार करते. निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात त्या चार ते अकरा हजार असतात. या रोगात लाखाच्याही वर जातात आणि प्लीहा फुगून पोटाची डावी बाजू जड होते. पूर्वी यावर सोमलाचे द्रावण देत, पुढे प्लीहेवर क्ष-किरण सोडत. १९५३ साली लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेतील हॅडो व टिमिस यांनी बुसल्फान पुढे आणले. त्याच्या रेणूची दोन्ही टोके डीएनएला चिकटतात आणि पेशीचे विभाजन अडते.

परंतु घाव बसतो तो मुख्यतः मज्जेतील मूळ पेशींवर. तरवा खुडला म्हणून शेतात उभे असलेले भात काही त्याच दिवशी नाहीसे होत नाही, तसेच हे. पहिले दहा-पंधरा दिवस रक्तातील आकडा हलत नाही, कधी वाढतोसुद्धा. घरची माणसे घाबरतात; पण अशा वेळी मात्रा वाढवणे घातक. उलट, गोळी बंद केल्यावरही आकडा महिन्याहून अधिक काळ उतरत राहू शकतो. म्हणून तो पंधरा हजारांच्या आसपास येताच, म्हणजे अजून पुरता उतरलेला नसतानाच, गोळी थांबवायची. ही वेळ चुकली तर मज्जाच आटते. मग रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग. त्वचा काळवंडणे, फुप्फुसे निबर होणे हे त्रास वेगळेच.

१९६८ च्या ब्रिटिश चाचणीत क्ष-किरणांपेक्षा या गोळीने रुग्ण अधिक जगले. १९९३ च्या जर्मन चाचणीत हायड्रॉक्सीयुरिया तिच्याहून सरस ठरले, आणि २००१ मध्ये इमॅटिनिब आल्यावर या रोगाच्या रोजच्या उपचारातून ती जवळजवळ बाहेर पडली.

तरी औषध आजही वापरात आहे, आणि तेही भरपूर मात्रेत. अस्थिमज्जा-रोपणापूर्वी रुग्णाची जुनी मज्जा रिकामी करावी लागते. एके काळी जे टाळण्यासाठी आठवड्याआठवड्याला रक्त तपासत, तेच येथे जाणूनबुजून घडवतात. कारण पाठोपाठ दात्याच्या पेशी शिरेतून द्यायच्या असतात.