परतीच्या गाडीपासून सुरुवात

आगगाडी आणि बोट यांची एका दिवसाची सहल आखताना बहुतेकजण सकाळच्या गाडीपासून सुरुवात करतात. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला हिशेब शेवटाकडून मांडावासा वाटतो. परतीची गाडी चुकली तर रात्र फलाटावर जाते. म्हणून आधी तीच ठरवावी.

बेळगावहून मांडवी नदीवर जायचे आहे असे धरू. लोंढा, कॅसलरॉक, कुळेमार्गे गाडी मडगावला पोचते. तेथून 1998 साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने करमळीला उतरावे. जुने गोवे जवळच आहे. तेथील धक्क्यावरून फेरीबोट दिवाडी बेटावर नेते. पायी जाणाऱ्यास तिकीट पडत नाही.

फेरीबोट पुन्हा येते, गाडी थांबत नाही. तेव्हा बेटावरून निघताना एक फेरी चुकणार असे धरूनच वेळ ठरवावी. जाताना रात्रीची गाडी असेल तर घाट अंधारात जातो. परतीला दुपारची गाडी धरावी, म्हणजे दूधसागर उजेडात दिसतो. कुळे ते कॅसलरॉक चढ 37 फुटांस 1 फूट असा आहे. गाडी सावकाश चढते, घाट डोळे भरून पाहता येतो. मात्र मध्येच खाली उतरू नये.

मांडवी म्हणजे आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई. 2018 साली लवादाने तिचे पाणी वाटून दिले, तरी तंटा मिटला नाही. जिच्यासाठी आपण भांडतो, ती खाली कशी वाहते हे प्रत्येकाने एकदा तरी पाहून यावे.