लग्नाचं जेवण: बेत मोजका, टेबलं देखणी

ताटाचा दर मुख्यतः पदार्थांच्या संख्येवर ठरतो. म्हणून चाट, पास्ता, चायनीजचे काउंटर आधी वगळा. मसालेभात, मठ्ठा, जिलेबी, अळूचं फतफतं, बटाट्याची भाजी, पुरी, कोशिंबीर, वरण-भात. एवढ्यावर पाहुणे तृप्त होतात! शे-दीडशे पानं असतील तर सामान आपण भरावं आणि आचाऱ्याला फक्त मजुरी द्यावी, हे मला सर्वांत पटतं. इतर पदार्थ असताना १ किलो तांदूळ साधारण १०-१२ जणांना पुरतो. वाढपी, भांडी, गॅस कोणाकडे, हे आधीच लिहून घ्या; खर्च तिथेच फुगतो.

फुलं आदल्या दिवशी दादरच्या किंवा पुण्यातल्या मार्केटयार्डच्या फूलबाजारातून आणा. झेंडू आणि शेवंती पाण्याविनाही बराच वेळ टवटवीत राहतात, गुलाब उकाड्यात मान टाकतो. घरातले पितळी तांबे चिंचेने लख्ख घासून त्यात आंब्याच्या डहाळ्या आणि झेंडू ठेवा, खाली केळीचं पान. काय सुरेख दिसतं! निशिगंध मात्र दारापाशीच बरा, त्याचा वास जेवणावर मात करतो. सजावट बुटकी ठेवा, समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमारास झेंडू महागतो, तेव्हा नुसत्या पानांवर भर द्या.