भूकंपमापकाच्या परीक्षेसाठी मायक्रोकंट्रोलर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर परिसर उद्ध्वस्त झाला. त्यामुळे जमिनीतून गूढ आवाज आले, की या पट्ट्यातील गावकऱ्यांच्या छातीत आजही धस्स होते. लातूर जिल्ह्यातील हासोरी परिसरात २०२२ मध्ये असे आवाज ऐकू आले होते.

उथळ, सौम्य भूकंपाची काही कंपने हवेत उतरतात व गडगडाट ऐकू येतो. मानवी कान साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झची कंपने ऐकतो. त्याहून मंद कंपने टिपण्यासाठी जिओफोन हा संवेदक वापरतात. त्याला ॲम्प्लिफायर जोडून महाविद्यालयांतही साधा भूकंपमापक बनविता येतो. मात्र त्याची नोंद अचूक आहे, हे ठरविण्यासाठी ज्ञात वारंवारतेचा विद्युतसंकेत हवा.

‘आर्डुइनो उनो’ या हौशी मंडळींच्या मायक्रोकंट्रोलरवर तो निर्माण करता येतो. त्याची ‘टोन’ ही तयार आज्ञा येथे अपुरी पडते. ती ३१ हर्ट्झच्या खाली उतरत नाही आणि तिची लहर चौकोनी असते. म्हणून ज्या-लहरीच्या किमतींचा तक्ता स्मृतीत साठवून त्या क्रमाने बाहेर पाठवाव्या लागतात. सेकंदाला १,००० किमती पाठविल्या, तर १० हर्ट्झच्या एका आवर्तनास १०० किमती मिळतात.

मायक्रोकंट्रोलरची पिन केवळ शून्य किंवा ५ व्होल्ट देते. ती सेकंदाला ६२,५०० वेळा चालू-बंद करून चालू राहण्याचा काळ कमी-जास्त केला, की सरासरी दाब हवा तसा बदलतो. पुढे १० किलोओहमचा रेझिस्टर व ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर यांची गाळणी लावावी. ती १६० हर्ट्झच्या वरची कंपने क्षीण करते आणि गुळगुळीत लहर उरते. जिओफोनचा संकेत अत्यंत दुबळा असल्याने ही लहरही रेझिस्टरांच्या साहाय्याने काही मिलिव्होल्टपर्यंत उतरवून, जिओफोनच्या जागी ॲम्प्लिफायरला द्यावी.

१, २, ५, १० व २० हर्ट्झचे समान उंचीचे संकेत क्रमाने दिल्यास, कोणत्या वारंवारतेला नोंद खुजी होते ते आलेखावर दिसते. या चाचणीने केवळ इलेक्ट्रॉनिक भाग पारखला जातो. जिओफोन व त्याची जमिनीतील पकड स्वतंत्रपणे तपासावी लागते. अशा यंत्राने भूकंपाचे भाकीतही करता येत नाही. परंतु गूढ आवाजाच्या क्षणी जमीन हलली होती काय, याचे विश्वासार्ह उत्तर मिळाल्यास अफवांना आळा बसू शकेल.