गोल्फ-गाडीवरील सौर पॅनेल : ऊर्जेचा हिशेब

मंद वेग, ठराविक फेऱ्या आणि सपाट छत या तीन गोष्टी पाहता बॅटरीवर चालणारी गोल्फ-गाडी केवळ सूर्यप्रकाशावर चालविता येईल, असे सहज वाटते. ही अपेक्षा कितपत रास्त आहे, हे अंकगणिताने ठरविणे इष्ट होय.

प्रत्येकी ८ व्होल्टच्या सहा शिसे-आम्ल बॅटऱ्या एकसरीत जोडलेली ४८ व्होल्टची गाडी उदाहरणादाखल घेऊ. बॅटऱ्यांची क्षमता १५० अँपिअर-तास धरल्यास साठा ७.२ किलोवॅट-तासांचा होतो. छतावर २ चौरस मीटर पॅनेल मावते असे समजू. महाराष्ट्रात उघड्या सपाट जागेवर दर चौरस मीटरला दिवसाकाठी सरासरी सुमारे ५ किलोवॅट-तास सौर ऊर्जा पडते. पॅनेलची कार्यक्षमता शेकडा २० धरली, तर २ किलोवॅट-तास वीज मिळेल; उष्णता, धूळ व विद्युत्-परिवर्तन यांपायी चतुर्थांश वजा केल्यास दीड उरते. दर किलोमीटरला ०.१ किलोवॅट-तास खर्च मानला, तर ही वीज १५ किलोमीटरांस पुरेल. मात्र ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना गाडीला २ किलोवॅट शक्ती लागते आणि पॅनेल भर दुपारीही फार तर ०.४ किलोवॅट देते. अर्थात गाडी चालते ती साठ्यावरच. पॅनेल तो साठा सावकाश भरून काढते.

जोडणीत दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. चोवीस घटांची ही माला पूर्ण भारित होण्यास सुमारे ५९ व्होल्टचा दाब लागतो. एकाच पॅनेलचा दाब बहुधा ३० ते ४० व्होल्ट असल्याने तो वाढविणारा भार-नियंत्रक मध्ये हवा. शिवाय ही वीज संपूर्ण मालेस दिली पाहिजे. दोन-तीन बॅटऱ्यांनाच दिल्यास मालेचा समतोल बिघडतो.

खरा लाभ अंतरात नसून बॅटरीच्या आयुष्यात आहे. रोज ३० किलोमीटर धावणारी गाडी साठ्याचा शेकडा ४२ भाग रिकामा करते. दिवसभर उन्हातून दीड किलोवॅट-तास परत मिळत राहिल्यास संध्याकाळी ही तूट शेकडा २१ वर येते. शिसे-आम्ल बॅटरी जितकी कमी उतरते, तितकी तिची आवर्तने वाढतात. आणि ती अर्धवट उतरलेली पडून राहिली, तर पट्टिकांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचून तिची क्षमता घटते.

तथापि हा सारा हिशेब गाडी उन्हात उभी असेल तरच खरा ठरतो. आपल्याकडे गाडी झाडाखाली लावण्याची रीत आहे. घट एकसरीत असल्यामुळे थोडीशी सावलीही बरीच वीज हिरावून घेते. उलट उन्हातील ताप बॅटरीचे आयुष्य कमी करतो. म्हणून गाडी दिवसाचा बहुतेक काळ उघड्यावर फिरत असेल, तर पॅनेल तिच्या छतावर बसवावे. ती शेडमध्ये उभी राहत असेल, तर तेच पॅनेल शेडच्या छतावर दक्षिणेकडे कलते बसवून तेथील विजेवर गाडी भारित करणे अधिक शहाणपणाचे होय.