रुग्णाचे गुपित आणि संगणकाची खिडकी
ब्राउझर निवडताना वैद्याने आणि औषधविक्रेत्याने काय पाहावे?

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात गुरू शिष्याला जो उपदेश करतात, त्यात रुग्णाच्या घरी जे पाहिले व ऐकले ते बाहेर सांगू नये अशी स्पष्ट आज्ञा आहे. रुग्णाची गोपनीयता ही आपल्या शास्त्रात बाहेरून आलेली कल्पना नव्हे. वैद्य होण्याचीच ती एक अट आहे. पूर्वी या आज्ञेच्या पालनास वैद्याने जीभ आवरणे पुरेसे होते. आता रुग्णाची नोंद, त्याचा मोबाईल क्रमांक, तपासण्यांचे अहवाल, औषधांची मागणी आणि पैशांचा व्यवहार हे सारे संगणकाच्या एका खिडकीतून ये-जा करते. ती खिडकी म्हणजे ब्राउझर. तिची कडी नीट लागते किंवा नाही, हे पाहणे आज वैद्याच्या कर्तव्यात मोडते, असे आम्हांस वाटते.

खानदेशात या गोष्टीला अधिक महत्त्व आहे. जळगाव आणि धुळे ही शहरे मोठी झाली, तरी नात्यागोत्याने ती अजून गावासारखीच आहेत. अमळनेर किंवा पारोळ्याचे एखादे दांपत्य जवळचा दवाखाना सोडून वंध्यत्वाच्या चिकित्सेसाठी धुळ्याची वाट धरते, ते पुष्कळदा घरच्या मंडळींना कळू नये म्हणूनच. श्वित्राची चिकित्सा घेणाऱ्या मुलीची वार्ता फुटली, तर ठरत आलेली सोयरीक मोडते. व्यसनमुक्तीसाठी येणारा गृहस्थ आपले नाव नोंदवहीत लिहितानाही दोनदा विचार करतो. हा विश्वास एकदा गेला की रुग्ण दवाखान्यातूनही जातो, आणि बहुधा चिकित्सा अर्धवट टाकून जातो.

उलट, बहुतेक दवाखान्यांत आणि औषधालयांत संगणक एकच असतो. त्यावर वैद्य काम करतात, कंपाउंडर औषधांची मागणी नोंदवतो, हिशेबनीस जीएसटीचे विवरणपत्र भरतो आणि सायंकाळी घरातील मुले चित्रपट पाहतात. जुलै २०१७ पासून जीएसटीचे काम संकेतस्थळावरूनच होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये औषध नियमांत दुरुस्ती झाली आणि आयुर्वेदीय औषधनिर्मितीच्या परवान्याचे अर्ज ई-औषधी या संकेतस्थळावर आले. म्हणजे ब्राउझर टाळणे आता कोणालाच शक्य नाही. तो पारखून घेणे मात्र आपल्या हाती आहे. ही पारख चार प्रश्नांनी करावी, असे आम्ही सुचवतो.

१. ब्राउझर अद्ययावत आहे काय?

ब्राउझरमध्ये दोष सापडत राहतात आणि निर्माते ते दुरुस्त करत राहतात. दुरुस्ती थांबली की तो ब्राउझर मुदत संपलेल्या औषधासारखा होतो. बाटली तीच दिसते, पण विश्वास ठेवता येत नाही. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त केला. क्रोमच्या नव्या आवृत्त्या फेब्रुवारी २०२३ पासून विंडोज ७ वर चालत नाहीत. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

दवाखान्यातील संगणक पुष्कळदा घरातून निवृत्त होऊन आलेला असतो, म्हणून ही तपासणी प्रथम करावी. ब्राउझरच्या सूचीत ‘मदत’ या विभागात ‘विषयी’ असे एक पान असते. ते उघडले की आवृत्ती दिसते आणि नवी आवृत्ती असल्यास ती घेण्यास सुरुवातही होते. नवी आवृत्ती घेण्याचा निरोप आला की तो पुढे ढकलू नये. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडण्यास दोन मिनिटे लागतात. एखादे जुने संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररच मागत असेल, तर एज या ब्राउझरमध्ये त्यासाठी वेगळी सोय आहे. ती त्या एका संकेतस्थळापुरतीच वापरावी.

२. ब्राउझर कोणाला आप्त मानतो?

आप्तोपदेश हे आपल्याकडे प्रमाण आहे. परंतु आप्त कोण, हे ठरवणे महत्त्वाचे. ब्राउझरचेही तसेच आहे. बँकेचे संकेतस्थळ उघडले असता ते खरोखर त्या बँकेचेच आहे, हे ब्राउझर एका अंकीय प्रमाणपत्रावरून ठरवतो. अशी प्रमाणपत्रे देणाऱ्या विश्वासपात्र संस्थांची यादी त्याच्याजवळ असते. यादीतील एखादी संस्था चुकली, तर खोटे संकेतस्थळही खऱ्यासारखे दिसू शकते.

हे आपल्या देशातच घडले आहे. जुलै २०१४ मध्ये नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या संकेतस्थळांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. त्या यंत्रणेमागील भारतीय मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या यादीत होते. त्यामुळे त्या यादीवर विसंबणाऱ्या इंटरनेट एक्सप्लोररला ती खोटी प्रमाणपत्रे खरी वाटली असती. फायरफॉक्स आपली यादी स्वतंत्र ठेवतो आणि त्या यादीत ते मूळ प्रमाणपत्र नव्हते. संगणक तोच, महाजाल तेच, परंतु ब्राउझर बदलला की धोका बदलला. पुढे ती प्रमाणपत्रे रद्द करण्यात आली.

भारतीय ब्राउझर असावा, हा विचार त्यानंतरही पुढे येत राहिला. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये त्यासाठी स्पर्धा जाहीर केली. भारतीय मूळ प्रमाणपत्रे विश्वासयादीत असावीत आणि अंकीय स्वाक्षरीची सोय ब्राउझरमध्येच असावी, अशा तिच्या अपेक्षा होत्या. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला आणि झोहो या कंपनीच्या संघास १ कोटी रुपयांचे प्रथम पारितोषिक मिळाले. स्वदेशीचे आम्हांस कौतुकच आहे. परंतु स्वदेशी ब्राउझरलाही हेच चार प्रश्न विचारावेत. वनस्पती सातपुड्यातील असली तरी तिची ओळख पटवूनच आपण ती खलात घालतो.

पत्त्याच्या पट्टीतील कुलपाविषयीही एक गैरसमज आहे. कुलूप म्हणजे संकेतस्थळ प्रामाणिक, असे पुष्कळ जण समजत. वस्तुतः आपण आणि ते संकेतस्थळ यांच्यातील संभाषण वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते. पलीकडे ठग बसला असेल, तर ठगाशी चाललेले संभाषणही तितकेच सुरक्षित राहते! या गैरसमजामुळेच क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चिन्ह बदलले. म्हणून बँकेचा पत्ता अक्षरशः वाचावा, आणि संदेशातून आलेल्या दुव्यावरून बँकेत कधीही जाऊ नये.

३. आपल्याला कोण पाहते?

वैद्याने एखाद्या रुग्णाच्या विकाराविषयी महाजालावर शोध घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच विकारावरील औषधाची जाहिरात पडद्यावर आली, हा अनुभव अनेकांना असेल. त्या वेळी समोर दुसरा रुग्ण बसलेला असतो. हे घडते ते कुकी नावाच्या छोट्या नोंदींमुळे. आपण पाहत असलेल्या पानावर दुसऱ्याच कंपनीची कुकी बसते आणि पुढे पानोपानी आपला माग काढते.

येथे ब्राउझरांत खरा भेद आहे. सफारीने मार्च २०२० पासून अशा परक्या कुकी मुळातच रोखल्या. फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ पासून ज्ञात माग काढणाऱ्यांना अडवण्यास आरंभ केला, आणि जून २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या. ब्रेव्ह हा ब्राउझरही त्या प्रारंभापासून अडवतो. गूगलने क्रोममधून त्या काढण्याचा संकल्प अनेक वर्षे पुढे ढकलला आणि एप्रिल २०२५ मध्ये ती योजना सोडली. क्रोममध्ये त्या बंद करता येतात, पण ते आपण स्वतः करावे लागते. गूगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या भेदाचे कारण कळते. क्रोम दोषांच्या दुरुस्तीत तत्पर आहे, हेही तितकेच खरे. सुरक्षा आणि गोपनीयता हे दोन वेगळे गुण आहेत. एक असला म्हणजे दुसरा असतोच असे नाही.

‘इनकॉग्निटो’ म्हणजे अज्ञात खिडकी, तिच्यावरही फार विसंबू नये. ती बंद केल्यावर आपल्या संगणकावर इतिहास उरत नाही, इतकेच. संकेतस्थळांना आपण दिसतच असतो. या विषयावर अमेरिकेत २०२० मध्ये दाखल झालेल्या दाव्यात गूगलने २०२४ मध्ये तडजोड केली आणि गोळा केलेल्या कोट्यवधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

मोबाईलवरील ब्राउझरचाही विचार हवा. यूसी ब्राउझर आपल्याकडे एके काळी घरोघर होता. मे २०१५ मध्ये कॅनडातील सिटिझन लॅबने त्यातून वापरकर्त्यांची माहिती असुरक्षित रीतीने बाहेर जात असल्याचे दाखवले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपमध्ये तोही होता. जुन्या मोबाईलवर तो अजून असल्यास काढून टाकावा.

४. आपण आत कोणाला घेतले आहे?

उत्तम ब्राउझर निवडला आणि त्यात वाटेल ती एक्स्टेंशन जोडली, तर पथ्य मोडून औषध घेतल्यासारखे होते. शब्दकोश, चित्र मोठे करणे, सवलतीची कूपने अशा कामांसाठी ही जोडसाधने फुकट मिळतात; आणि त्यांतील अनेक साधनांना आपण पाहतो ते प्रत्येक पान वाचण्याची परवानगी आपणच दिलेली असते. जुलै २०१९ मध्ये ‘डेटास्पाय’ या नावाने एक प्रकरण उघडकीस आले. क्रोम आणि फायरफॉक्सवरील आठ एक्स्टेंशनमधून सुमारे ४१ लाखांपर्यंत वापरकर्त्यांची माहिती बाहेर जात होती. तीत एका वैद्यकीय नोंदप्रणालीतील रुग्णांची आणि त्यांच्या डॉक्टरांची नावेही होती. त्या डॉक्टरांनी कोणाला काही सांगितले नव्हते. खिडकीत बसवलेल्या वस्तूने सांगितले.

साठवलेल्या पासवर्डचीही हीच गोष्ट. सर्वांच्या वापरातील संगणकावर बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये जतन केला, की गल्ल्याजवळ बसणारा कोणीही तो एका टिचकीने वापरू शकतो. फायरफॉक्समध्ये जतन केलेल्या पासवर्डवर एक मुख्य पासवर्ड लावता येतो. ती सोय जरूर वापरावी. दवाखान्याच्या ब्राउझरमध्ये घरचे खाते जोडू नये. जोडल्यास दवाखान्याचा इतिहास घरच्या मोबाईलवर दिसू लागतो.

कायदाही आता या विषयाकडे वळला आहे. ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम’ ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि माहिती फुटल्यास ती ज्याची आहे त्याला कळवणेही बंधनकारक होणार आहे. ‘तुमचे गुपित आमच्याकडून फुटले’, असे त्या रुग्णाला आपल्या सहीने लिहून कळवावे लागणे, ही शिक्षा दंडाहून लहान नाही.

तर करावे काय? निदानपरिवर्जन, हेच आमचे उत्तर. दवाखान्याच्या संगणकावर दोन अद्ययावत ब्राउझर ठेवावेत. एक केवळ रुग्णनोंदी, बँक, जीएसटी आणि ई-औषधी यांसाठी. त्यात एकही एक्स्टेंशन नको, एकही साठवलेला पासवर्ड नको, आणि परक्या कुकी बंद असाव्यात. आमच्या मते या कामास फायरफॉक्स चांगला. बातम्या, शोध आणि इतर सर्व गोष्टींसाठी दुसरा. शोध घेताना विकाराचे नाव लिहावे. रुग्णाचे नाव, गाव किंवा क्रमांक कधीही लिहू नये. कंपाउंडर व हिशेबनीस यांना विंडोजमध्ये स्वतंत्र खाते द्यावे आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी ब्राउझरची आवृत्ती पाहण्याचे काम एका व्यक्तीकडे नेमून द्यावे. खर्च काहीच नाही; हे सर्व ब्राउझर विनामूल्य मिळतात. लागतो तो एका दुपारचा वेळ, आणि रुग्णाने आपल्या कानात सांगितलेली गोष्ट आपल्याजवळच राहावी ही इच्छा.