उन्हात प्लास्टिक का पिचतं?

कपडे वाळत घालताना चिमटा दाबला आणि त्याचे दोन तुकडेच हातात आले, असं तुमच्याही घरी झालं असेल. आपण लगेच म्हणतो, ‘माल हलका होता.’ पण त्याच पाकिटातला, कपाटात राहिलेला चिमटा मात्र अजून धडधाकट असतो. फरक मालाचा नाही, उन्हाचा आहे.

चिमटा तुटला तर नुकसान चार पैशांचं. पण वर्षानुवर्षं गच्चीत पडून असलेल्या खुर्चीवर आजोबा बसले आणि तिचा पाय मोडला तर? म्हणूनच ऊन प्लास्टिकचं काय करतं, ते समजून घ्या.

आत काय घडतं?

प्लास्टिक म्हणजे अणूंच्या लांबच लांब साखळ्या. उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण या साखळ्या तोडतात. तुटलेल्या जागी हवेतला ऑक्सिजन जोडला जातो आणि मोडतोड पुढे चालू राहते. उष्णतेने तिचा वेग वाढतो. आधी चमक जाते, रंग विटतो. मग हात फिरवला की खडूसारखी भुकटी लागते, बारीक चिरा दिसतात. वजन पडलं की तडा याच चिरांमधून जातो.

कोणतं प्लास्टिक नाजूक?

अनेक वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. 5 म्हणजे पॉलिप्रोपिलीन. खुर्च्या, चिमटे, डबे बहुधा याचेच. संरक्षक द्रव्य मिसळलेलं नसेल तर ते उन्हात लवकर पिचतं. 3 म्हणजे पीव्हीसी. त्याचे पाइप उन्हात पिवळसर आणि ठिसूळ होतात.

गच्चीवरची काळी टाकी मात्र वर्षानुवर्षं टिकते. तिच्या प्लास्टिकमध्ये काजळीसारखी बारीक पूड, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळलेली असते. ती अतिनील किरण स्वतःच शोषून घेते.

हे उपाय करा

• चिमटे दोरीवर ठेवू नका, कपड्यांबरोबर घरात आणा.

• खुर्च्या, बादल्या, टब सावलीत ठेवा. जागा नसेल तर जाड सुती चादर टाका. प्लास्टिकची ताडपत्रीही उन्हात विरते, हे लक्षात असू द्या.

• उघड्यावरच्या पीव्हीसी पाइपला फिकट रंगाचा, पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग लावा.

• बाहेर ठेवायची वस्तू घेताना ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ लिहिलंय का, ते पाहा.

• खिडकीच्या काचेवर विसंबू नका. काच सगळे अतिनील किरण अडवत नाही.

बसण्याआधी तपासा

जुन्या खुर्चीवर कुणाला बसवण्याआधी तिच्यावर हात फिरवा, पायांच्या सांध्यांत चिरा आहेत का पाहा, दोन्ही हातांनी बैठक दाबून बघा. भुकटी लागली, चिरा दिसल्या किंवा कडकड आवाज आला, तर ती खुर्ची बाद समजा. बल्ब बदलायला तर तिच्यावर मुळीच चढू नका. पिचलेलं प्लास्टिक तेल किंवा पॉलिश लावून पुन्हा मजबूत होत नाही.

अशी वस्तू जाळू नका, कोपऱ्यात पडूही देऊ नका. तिचे कण झडून माती-पाण्यात मिसळतात. भुगा होण्याआधीच ती भंगारवाल्याकडे द्या आणि नव्या खुर्चीची जागा पहिल्या दिवसापासून सावलीतच ठरवा.